बँकॉकच्या लग्नासाठी लंडनचे किती शिक्के?

प्रश्न: मी मूळचा कोल्हापूरचा, गेली अठरा वर्षं रेडिंगला आहे. ब्रिटिश नागरिकत्व घेतलं, मूळच्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्डही आहे. पहिलं लग्न कोल्हापुरात झालं होतं. 2019 मध्ये इथल्या कोर्टात दोघांच्या संमतीनं घटस्फोट झाला. मुलगी सोळा वर्षांची आहे. आता बँकॉकला नोकरी करणाऱ्या थाई मैत्रिणीशी लग्न करायचं ठरवलंय. तिचं माहेर ईशान्य थायलंडमध्ये उदोन थानीकडे, तिचाही घटस्फोट गेल्या ऑगस्टमध्ये झाला. एप्रिलमध्ये सोंगक्रानला, म्हणजे थाई नववर्षाला, तिचं सगळं घर जमतं, म्हणून तेव्हाची दहा दिवसांची रजा टाकली आहे. एका एजंटनं कागदांची यादी दिली: जन्मदाखला, नागरिकत्वाचा दाखला, घटस्फोटाची डिक्री, पासपोर्टची प्रत, पगाराचं पत्र. पाचही कागदांवर आधी ब्रिटिश परराष्ट्र खात्याचा शिक्का, मग लंडनच्या थाई दूतावासाचा. खर्च हजार पाउंडांच्या वर जातोय. जन्मदाखला तर कोल्हापूर महापालिकेचा, मराठीत आहे. डिक्रीवर माझं नाव वडिलांच्या नावाशिवाय आहे, पासपोर्टवर पूर्ण आहे. खरंच एवढं लागतं का? आई म्हणते, इतके कागद लागतात म्हणजे हे लग्न कच्चंच असणार.
– एक रेडिंगकर

उत्तर:

रेडिंगकर, एजंटला अजून पैसे दिले नसतील तर देऊ नका. त्याच्या यादीतला एकच कागद लंडनमध्ये शिक्के मारून घेण्याच्या लायकीचा आहे. आणि ज्या कागदावर तुमचं लग्न खरोखर अडणार आहे, तो त्या यादीत नाहीच. तो तुम्हाला बँकॉकला जाऊन, स्वतः समोर उभं राहून घ्यायचा आहे. तुमच्या पत्रात आणखी एक अडचण दडलेली आहे, तिचा कागदांशी फारसा संबंध नाही. ती तारखांची आहे. तिच्याकडे येतेच.

आधी हे समजून घ्या की थायलंडमध्ये कायद्यानं लग्न होतं ते सरकारी कचेरीत, नोंदणीच्या टेबलावर. भिक्खूंनी आशीर्वाद दिले, मनगटांवर पांढरे दोरे बांधले, शंखातून पाणी सोडलं, सगळं गाव जेवलं, तरी नोंद होत नाही तोवर कायद्याच्या नजरेत तुम्ही दोघं अविवाहितच. ही कचेरी जिल्ह्याच्या गावांत ‘आम्फो’ म्हणून ओळखली जाते, बँकॉकमध्ये तिला ‘खेत’ म्हणतात. देशातल्या कुठल्याही आम्फोत किंवा खेतमध्ये नोंद करता येते, मुलीच्या माहेरच्याच कचेरीत जायला हवं असं नाही. तिथला अधिकारी परदेशी माणसाबद्दल दोनच गोष्टी विचारतो: हा कोण, आणि हा लग्नाला मोकळा आहे का. पहिल्याचं उत्तर पासपोर्ट देतो. दुसऱ्याचं उत्तर त्याला तुमच्या देशाच्या दूतावासाकडून हवं असतं.

ब्रिटिश दूतावास त्यासाठी जे देतो त्याला ॲफर्मेशन म्हणतात. तुम्ही वैवाहिक स्थितीबद्दल एक निवेदन भरायचं, दूतावासातल्या अधिकाऱ्यासमोर ते खरं असल्याचं सांगून सही करायची, त्यावर अधिकाऱ्याची सही-शिक्का होतो. आधी ऑनलाइन अपॉइंटमेंट घ्यावी लागते, आणि ती हवी तेव्हा मिळेल असं धरून विमानाचं तिकीट काढू नये. सोबत मूळ पासपोर्ट, राहत्या पत्त्याचा पुरावा, घटस्फोटाचा मूळ कागद आणि होणाऱ्या बायकोच्या ओळखपत्राची प्रत न्या. निवेदनात व्यवसाय आणि उत्पन्नही विचारलं तर दचकू नका, तुम्हाला ओळखणाऱ्या दोन माणसांची नावं-पत्तेही हाताशी असू द्या. पासपोर्टची प्रमाणित प्रत पुढे लागतेच, ती त्याच खेपेत मागून घ्या. दूतावास आता साथोर्न रस्त्यावरच्या एआयए टॉवरमध्ये आहे. जुन्या लेखांतून वायरलेस रोडचा पत्ता अजून फिरतो. तो विसरा, ती जागा 2018 मध्येच विकली गेली.

ॲफर्मेशन हातात आलं की त्याचं थाई भाषांतर करून घ्यायचं आणि मूळ व भाषांतर दोन्ही घेऊन चेंग वत्थना रस्त्यावरच्या थाई परराष्ट्र मंत्रालयाच्या कॉन्सुलर विभागात जायचं. तिथे ब्रिटिश अधिकाऱ्याची सही पडताळतात, भाषांतर तपासतात आणि आपला शिक्का मारतात. फी शिक्क्यामागे 200 बाट, तातडीचं हवं असेल तर 400. एवढं झालं की तो संच घेऊन खेतमध्ये. ब्रिटनमधल्या कुठल्याही शिक्क्याशिवाय हा रस्ता पूर्ण होतो. कारण घटस्फोटाचा कागद इथे ब्रिटिश अधिकारीच वाचतो आहे, आणि ब्रिटिश कोर्टाचा कागद ब्रिटिश अधिकाऱ्याला पटवायला परराष्ट्र खात्याची मध्यस्थी लागत नाही.

हे शिक्क्यांचं प्रकरण एकदा नीट कळलं की एजंटची भीती उरत नाही. शिक्का मारणारा कागदातला मजकूर तपासत नाही. आधीची सही ज्याची म्हणवते त्याचीच आहे, एवढंच तो सांगतो. आपल्याकडे तलाठ्याची सही तहसीलदार ओळखतो, तहसीलदाराची जिल्हाधिकारी ओळखतो, पण जिल्हाधिकारी काही तलाठ्याला ओळखत नाही, तसंच हे. आम्फोतला कारकून रेडिंगच्या कोर्टाचा शिक्का ओळखत नाही, तो फक्त आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का ओळखतो. मंत्रालय बँकॉकमधल्या ब्रिटिश दूतावासाची सही ओळखतं. म्हणून कुठलाही कागद हातात घेतला की प्रश्न असा विचारा: हा शेवटी कोणाच्या टेबलावर जाणार, आणि तो माणूस कोणाची सही ओळखतो? तिथून उलटं चालत आलात की किती शिक्के हवेत ते आपोआप कळतं. एजंट तुमच्या फायलीपासून सुरुवात करतो, म्हणून त्याच्या यादीत पाच कागद येतात.

आपल्या लोकांचा गोंधळ अपोस्टिलमुळेही होतो, म्हणजे एका देशाचा कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून सरकार जो शिक्का मारतं त्यामुळे. जर्मनीला किंवा नेदरलँड्सला गेलेला प्रत्येक मराठी मुलगा डिग्रीवर अपोस्टिल घेऊन गेलेला असतो, त्यामुळे अपोस्टिल म्हणजे जगभर चालणारा परवाना असं घरोघरी पक्कं झालंय. तो चालतो हेग कराराच्या सदस्य देशांत. ब्रिटन 1965 पासून त्यात आहे, भारत 2005 पासून. थायलंड नाही. त्यामुळे थायलंडला जाणाऱ्या ब्रिटिश कागदावर अपोस्टिल म्हणजे अर्धंच काम: ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या मिल्टन कीन्समधल्या लीगलायझेशन ऑफिसचा शिक्का घ्यायचा, मग तोच कागद लंडनमध्ये क्वीन्स गेटवरच्या थाई दूतावासात न्यायचा, मग बँकॉकला थाई भाषांतर, मग पुन्हा चेंग वत्थना. एका कागदाला चार दारं. पाच कागदांना किती, ते एजंटच्या बिलात दिसतंच.

आता यादी.

जन्मदाखला. थायलंडमध्ये लग्नासाठी ब्रिटिश माणसाकडून तो सहसा मागत नाहीत, तुमचा जन्म पासपोर्टवर आहेच. मला जास्त खटकलं ते असं, की कोल्हापूर महापालिकेच्या दाखल्यावर ब्रिटिश परराष्ट्र खात्याचा शिक्का हा माणूस मारणार कसा? ते खातं ब्रिटनमध्ये निघालेल्या कागदांवरच शिक्का देतं. मग एजंट काय करतात, तर एखाद्या नोटरीकडून झेरॉक्सवर ‘ही मूळ कागदाची खरी प्रत आहे’ असं लिहून घेतात आणि त्या नोटरीच्या सहीवर अपोस्टिल आणतात. त्यानं दाखला खरा ठरत नाही, झेरॉक्स खरी ठरते. भारतीय दाखला थायलंडमध्ये खरोखर लागलाच, तर त्याची वाट भारतातून जाते: आपलं परराष्ट्र मंत्रालय आणि मग तिथलाच थाई दूतावास किंवा मुंबईचं थाई वाणिज्य दूतावास. तुम्हाला ती वाट धरायची गरज नाही.

नागरिकत्वाचा दाखला मुळीच नको. पासपोर्ट आहे म्हणजे नागरिकत्व आहे. तो कागद हरवला तर नव्यानं मिळवणं जिकिरीचं असतं, टपालात कशाला टाकता? पगाराचं पत्र तसंच; ॲफर्मेशनमध्ये उत्पन्न लिहावं लागलं तर एखादी पगाराची स्लिप सोबत ठेवा, संपलं. पासपोर्टची प्रत बँकॉकमध्येच होईल.

राहिली डिक्री. हिच्यावर मात्र मी ब्रिटनमध्ये शिक्के घ्यायला सांगेन, आणि तेही केवळ खबरदारी म्हणून. काही आम्फो-खेतमधले अधिकारी घटस्फोटित परदेशी माणसाकडे ॲफर्मेशनखेरीज घटस्फोटाचा कागदही मागतात. कायदा सगळीकडे एकच असला तरी टेबलावरचा माणूस वेगळा असतो, हे आपल्याला शिकवायला थायलंडची गरज नाही. तो कागद ऐनवेळी मागितला तर त्यावरचे लंडनचे शिक्के बँकॉकमध्ये बसून मिळत नाहीत. अपोस्टिलची फी कागदामागे चाळीस-पंचेचाळीस पाउंडांच्या घरात असते, टपाल वेगळं. एका कागदापुरता हा खर्च सोसण्यासारखा आहे. त्याआधी तुमच्या मैत्रिणीला सांगा की जिथे नोंद करायची त्या खेतमध्ये फोन न करता स्वतः जाऊन यादी विचारून ये, आणि सांगणाऱ्याचं नाव लिहून घे. थाईतून तिनं विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर इंग्रजीतल्या तुमच्या दहा ईमेलांपेक्षा उपयोगाचं ठरेल. बँकॉकमध्ये परदेशी लोकांची लग्नं रोज लावणारी खेतं आहेत, बांग राकचं तर त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या लोकांना हे कागद पाठ असतात. उदोन थानीच्या आडगावातल्या आम्फोत तुम्ही कदाचित वर्षातले पहिले परदेशी नवरदेव असाल. मी बँकॉकच निवडेन. फक्त 14 फेब्रुवारीला बांग राककडे फिरकू नका, त्या दिवशी जोडप्यांची जत्रा असते.

डिक्री शिक्क्याला पाठवताना तुमच्याकडचा कागद नेमका कोणता आहे ते उघडून बघा. 2019 चा घटस्फोट म्हणजे शेवटचा कागद डिक्री ॲब्सोल्यूट. त्याआधीचा डिक्री नाइसाय म्हणजे अर्ध्या वाटेवरचा टप्पा, त्यावर माणूस लग्नातून मोकळा होत नाही, आणि लोक हमखास तोच कागद फाइलमधून काढून आणतात. 6 एप्रिल 2022 पासून अर्ज केलेल्यांना इंग्लंड-वेल्समध्ये ॲब्सोल्यूटऐवजी फायनल ऑर्डर मिळते, तुमचं त्याआधीचं आहे. कागदावर कोर्टाचा मूळ शिक्का हवा, त्याची साधी झेरॉक्स किंवा घरच्या प्रिंटरवरची प्रत अपोस्टिलला चालत नाही. आणि आपली सवय म्हणून तो लॅमिनेट करून ठेवला असेल, तर ज्या कोर्टानं दिला तिथून नवी प्रमाणित प्रत मागवा. केस नंबर जुन्या पत्रव्यवहारात सापडेल.

नावाचा घोळ आपल्या सगळ्यांच्या पाचवीला पुजलेला आहे. कुठे वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून येतं, कुठे गिव्हन नेममध्ये शिरतं, कुठे गायबच होतं. कोल्हापुरात असतात तर स्टॅम्प पेपरवर ‘दोन्ही नावे एकाच इसमाची’ असं प्रतिज्ञापत्र करून मोकळे झाला असतात. ब्रिटनमध्ये त्याचंच भावंड आहे, 1835 च्या कायद्याखालचं स्टॅच्युटरी डिक्लरेशन. कुठल्याही सॉलिसिटरसमोर करता येतं, खर्च किरकोळ. तुम्ही नाव बदललेलं नाही, त्यामुळे डीड पोलच्या भानगडीत पडू नका. तो केलात तर न बदललेलं नाव बदलल्याचा नवा कागद तयार होईल आणि पुढची वीस वर्षं तो निस्तरत बसाल. ॲफर्मेशनची वेळ घेताना दूतावासाला डिक्री आणि पासपोर्ट दोन्हींची स्कॅन आधीच पाठवा आणि फरक स्वतःहून सांगा.

थाई लिपीतल्या नावाचंही बघा. ॲफर्मेशनचं भाषांतर, पासपोर्टच्या प्रतीचं भाषांतर आणि डिक्री लागलीच तर तिचं, हे तिन्ही एकाच भाषांतरकाराकडून करून घ्या. तुमचं नाव थाईत कसं लिहायचं ते तुमची मैत्रीण एका कागदावर लिहून देईल, तो कागद भाषांतरकाराच्या हातात ठेवा. वेगवेगळ्या दुकानांत वेगवेगळं लिहिलं गेलं तर मंत्रालय कागद परत करतं, आणि परत म्हणजे दुसऱ्या दिवशीची रांग. चेंग वत्थनाच्या इमारतीबाहेर भाषांतर करून देणारे अंगावर येतील. त्यांच्यातले काही चांगले असतातही, पण आधी ठरवून गेलेलं बरं.

आता ती तारखांची गोष्ट.

तुमच्या मैत्रिणीचा घटस्फोट गेल्या ऑगस्टमधला. थायलंडच्या दिवाणी संहितेच्या कलम 1453 प्रमाणे घटस्फोटित किंवा विधवा स्त्रीला आधीचं लग्न संपल्यापासून 310 दिवस उलटल्याशिवाय पुरुषाशी दुसरं लग्न करता येत नाही. होणाऱ्या मुलाचा बाप कोण, या वादासाठी केलेला हा जुना नियम आहे. तो बाईलाच लागू आहे, तुम्हाला नाही. राग यावा असाच आहे, पण आहे. ऑगस्टपासून 310 दिवस मोजले तर जून उजाडतो, ऑगस्टची अखेर असेल तर जुलैचा पहिला आठवडा. म्हणजे एजंटचे हजार पाउंड देऊन, पाच कागदांवर दहा शिक्के घेऊन तुम्ही एप्रिलमध्ये कचेरीत उभे राहिला असतात आणि कारकुनानं तिच्या घटस्फोटाच्या दाखल्यावरची तारीख बघून दोघांना घरी पाठवलं असतं. यातून वाट आहे. ती गर्भवती नसल्याचं नोंदणीकृत डॉक्टरांचं प्रमाणपत्र दिलं तर 310 दिवसांची अट लागत नाही. कोर्टाची परवानगीही चालते, पण प्रमाणपत्र सोपं. ते नोंदणीच्या किती दिवस आधीचं चालेल आणि कुठल्या दवाखान्याचं हवं, हे तिनं त्याच खेपेत खेतमध्ये विचारून घ्यावं. हा विषय तिच्यापाशी तुम्ही काढणार असाल तर जरा जपून काढा. ‘तुझा दाखला आणावा लागेल’ असं फोनवर सांगण्यापेक्षा कलम दाखवा.

दुसरी तारीख सोंगक्रानची. 13 ते 15 एप्रिल सगळ्या सरकारी कचेऱ्या बंद, लोक गावाकडे, रस्त्यांवर पाण्याच्या पिचकाऱ्या. त्याआधी 6 एप्रिलला चक्री दिनाची सुट्टी. तुमच्या दहा दिवसांतून सुट्ट्या आणि शनिवार-रविवार वजा केलेत तर दूतावास, भाषांतर, मंत्रालय आणि खेत या चार पायऱ्यांना तीन-चार दिवस उरतात, आणि एक कागद परत आला की तेही गेले. सोंगक्रानला उदोन थानीत थाई पद्धतीचा समारंभ करा, सगळं घर तिथे असणार आहे, तो आनंद सोडू नका. नोंदणी मात्र वेगळ्या खेपेला, जुलैच्या मध्यावर केलीत तर 310 दिवसांचा प्रश्नच मिटतो. दोन खेपा परवडत नसतील तर रजा वाढवून सोंगक्राननंतर आठवडाभर बँकॉकला राहा आणि प्रमाणपत्राची तयारी ठेवा. ॲफर्मेशन फार आधी काढून ठेवू नका, महिनोन्‌महिने जुना कागद कचेऱ्यांना आवडत नाही.

नोंदणीच्या दिवशी तिचं ओळखपत्र, घरनोंदणीचं पुस्तक आणि घटस्फोटाचा दाखला लागेल, दोन साक्षीदार लागतील. तुम्हाला थाई येत नसेल तर दुभाषा आणा असं सांगतात. कचेरीत केलेल्या नोंदणीला फी नाही. थायलंडमधल्या मालमत्तेबद्दल तुम्हा दोघांना आपापसांत काही करार करायचा असेल तर तो त्याच वेळी नोंदवहीत चढावा लागतो. थाई कायद्यात लग्नानंतर सुचलेल्या अशा कराराला किंमत नाही. तिचं घर किंवा जमीन असेल तर हे बोलून घ्या. तुम्हाला दोन कागद मिळतील: लग्नाचा नक्षीदार दाखला, ज्याला कोर रोर 3 म्हणतात, आणि नोंदवहीतल्या पानाची प्रत, कोर रोर 2. लोक नक्षीदार दाखला फ्रेम करतात आणि दुसरा कागद हॉटेलात विसरतात. पुढच्या सगळ्या कामांना तपशील असतो तो दुसऱ्या कागदावर.

बँकॉक सोडण्याआधी या दोन्हींचं इंग्रजी भाषांतर करून त्यावर पुन्हा चेंग वत्थनाचा शिक्का घ्या. ब्रिटनमध्ये हे लग्न पुन्हा नोंदवावं लागत नाही, नोंदवताही येत नाही. पूर्वी परदेशातल्या लग्नाचा दाखला ब्रिटिश नोंदणी कार्यालयात जमा करता यायचा, ती सोय 1 जानेवारी 2014 पासून बंद आहे. थाई कायद्याप्रमाणे पक्कं असलेलं लग्न ब्रिटन मानतं. आईंना एवढं सांगा, कच्चं काही नाही. तिला रेडिंगला आणायचं तर स्पाउस व्हिसा लागेल. त्यासाठी एप्रिल 2024 पासून उत्पन्नाची अट वर्षाला 29,000 पाउंड आहे, शिवाय तिची इंग्रजीची परीक्षा आणि बँकॉकमध्ये क्षयरोगाची तपासणी. तो स्वतंत्र विषय आहे, पुन्हा लिहा. लग्नानंतर ती आडनाव बदलणार असेल तर व्हिसाच्या अर्जाआधी नवा पासपोर्ट काढावा, एवढं मात्र आत्ताच ठरवा.

भारताचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. तुमचं पहिलं लग्न कोल्हापुरात, हिंदू विवाह कायद्याखाली झालं. परदेशी कोर्टानं मोडलेलं असं लग्न भारतात मोडलं असं कधी मानायचं, यावर सर्वोच्च न्यायालयाचा 1991 चा वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी हा निकाल आहे. थोडक्यात, दोघांनी आपखुशीनं त्या कोर्टात भाग घेतलेला असावा आणि घटस्फोटाचं कारण ज्या कायद्यानं लग्न झालं त्याला मान्य असावं, किंवा दोघांची संमती असावी. तुमचा संमतीनं झाला आहे, दोघं ब्रिटनमध्येच राहत होतात, त्यामुळे तुमची बाजू भक्कम दिसते. तरी कोल्हापूरच्या घराचा किंवा जमिनीचा प्रश्न उद्या निघाला तर हाच मुद्दा समोर येईल. त्यामुळे संमती दाखवणारे कोर्टाचे कागद, नुसती डिक्री नव्हे, अर्ज आणि पत्नीचं उत्तरसुद्धा, जपून ठेवा आणि गावी गेलात की वकिलाला एकदा दाखवा. तुमच्या ओसीआयला या लग्नानं काही होत नाही. नोंदणीकृत लग्नाला सलग दोन वर्षं झाली की तिलाही तुमची पत्नी म्हणून ओसीआयसाठी अर्ज करता येईल. पुढे त्यासाठी थाई दाखल्यावर भारतीय दूतावासाची मोहोर लागली तर ती बँकॉकमध्येच घ्यावी लागते, कारण थायलंडचं अपोस्टिल असं काही नसतं. जुलैच्या खेपेत एक दिवस त्यासाठी ठेवा.

आणि मुलगी. तुम्ही मृत्युपत्र केलं असेल आणि त्यात तिच्या नावे काही ठेवलं असेल तर हे नीट वाचा: इंग्लंड आणि वेल्समध्ये नवं लग्न झालं की आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. 1837 च्या कायद्यातली तरतूद आहे ही, आणि लग्न बँकॉकला झालं म्हणून ती चुकत नाही. सॉलिसिटरकडून ‘अमुक व्यक्तीशी होणारं लग्न गृहीत धरून’ असं नमूद केलेलं नवं मृत्युपत्र नोंदणीच्या आधी करून घ्या, म्हणजे ते लग्नानंतरही टिकतं. स्टॅच्युटरी डिक्लरेशनसाठी त्यांच्याकडे जाणारच आहात, त्याच भेटीत हे काम सांगा.

आईंना एप्रिलमध्ये उदोन थानीला घेऊन जायचं असेल तर अंतरपाट आणि अक्षता त्यांनी सोबत न्यायला हरकत नाही. थाई कायद्याच्या दृष्टीनं भिक्खूंच्या दोऱ्यांना जेवढी किंमत, तेवढीच मंगलाष्टकांना. साक्षीदार म्हणून मात्र त्यांना धरून चालू नका. बऱ्याच कचेऱ्या थाई ओळखपत्र असलेले साक्षीदार पसंत करतात, तेव्हा मैत्रिणीच्या ऑफिसातल्या दोघांना जुलैतल्या त्या दिवसाची रजा टाकायला आत्ताच सांगून ठेवा.